आळसपूरचा निळा वीर

मुलांसाठी लिहिणाऱ्याला एक सवलत असते आणि त्या सवलतीतच त्याचा घात असतो. मोठ्यांच्या साहित्यात बोध असावा की नसावा यावर आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने रणे माजली. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ असे दोन तट पडले. बालवाङ्मयाच्या अंगणात मात्र हे युद्ध कधी शिरलेच नाही. तिथे सर्वांनी एकमताने ठरवून टाकले होते की, मुलांना काहीतरी शिकवायचेच आहे. प्रश्न उरला तो एवढाच की, कडू औषधाबरोबर मधाचे बोट किती चाटवायचे! म्हणून मुलांची शेकडो पुस्तके आणि नाटके अशी असतात की, त्यांतला मध मुले चाटून घेतात आणि औषध हळूच खिडकीबाहेर ओततात.

दिवाळीच्या फराळाची ताटे भरलेली असताना मी ज्या कलाकृतीविषयी लिहिणार आहे, तिच्यात हे मधाचे बोटच गुन्हेगार ठरवले आहे. तीत साखर हे विष आहे, गाजर हे अमृत आहे, आणि नायकाच्या तोंडात साखरेचा एक कण गेला तरी तो जागच्या जागी कोसळतो. ही कलाकृती म्हणजे ‘लेझीटाऊन’ नावाची दूरचित्रवाणी मालिका. आपण तिला आळसपूर म्हणू. २००४ सालच्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेत प्रथम दाखवली गेली. पुढे जगातल्या शंभराच्या वर देशांत गेली. २००४ ते २००७ या काळात तिची दोन पर्वे झाली, मग मोठा खंड पडून २०१३ आणि २०१४ मध्ये आणखी दोन झाली. २००६ साली तिला ब्रिटनचे मुलांच्या कार्यक्रमांसाठीचे बाफ्टा पारितोषिकही मिळाले. तरीही तिच्याकडे कलाकृती म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. ‘आरोग्याला चांगली’ एवढेच तिच्याविषयी म्हटले गेले. शेपूच्या भाजीविषयीही आपण हेच म्हणतो.

ही मालिका जन्मली आइसलँडमध्ये. त्या देशाची एकूण लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड चार-पाच तास टिकतो. अशा देशात मूल घरात बसते, बसून खाते आणि खाऊन पुन्हा बसते, यात नवल नाही. मागनुस शेविंग या गृहस्थांना ही गोष्ट टोचली. हे मूळचे लेखक नव्हेत, नटही नव्हेत. तालावरचे व्यायाम करणारे ते खेळाडू. १९९४ साली ते आइसलँडचे वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटू ठरले होते. देशभर फिरून आईबापांपुढे भाषणे देताना त्यांच्या ध्यानात आले की, मुलांना आदर्श म्हणून दाखवावा असा कोणी वीर आपल्याकडे नाही. १९९५ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले, त्यावरून नाटके झाली, आणि पुढे स्वतः निर्माते, लेखक व नायक होऊन त्यांनी ही मालिका उभारली. छायाचित्रणाचा कारखाना राजधानीलगतच्या गार्दाबाइर गावात थाटला. मालिका पडद्यावर आली तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या वयात कोलांट्या उड्या मारणारा निर्माता-लेखक आपल्याकडे सापडणे अवघड; आपल्याकडचे लेखक चाळिशीत चष्म्याचा नंबर बदलण्यापलीकडे मोठी कसरत करीत नाहीत.

कथा साधी आहे. आळसपुरात स्टेफनी नावाची गुलाबी केसांची, आठ वर्षांची मुलगी आपल्या काकांकडे राहायला येते. काका गावचे महापौर. गावातली मुले घराबाहेर पडतच नाहीत. झिगी गोळ्या-चॉकलेटांत बुडालेला, पिक्सेल यंत्रांच्या पडद्याला डोळे चिकटवून बसलेला, स्टिंजी ‘हे माझे, तेही माझे’ म्हणत बसलेला, ट्रिक्सी खोड्यांत गुंतलेली. स्टेफनी पत्र पाठवते, आणि आभाळात तरंगणाऱ्या विमानातून निळ्या पोशाखाचा, टोकदार मिशांचा स्पोर्टाकस खाली उतरतो. त्याच्या छातीवर १० हा आकडा असतो. त्याच्या आधी एक नऊ क्रमांकाचा वीर होऊन गेला, असे महापौरांनी सांगितलेले असते. कोणी संकटात सापडले की त्याच्या छातीवरचा स्फटिक चमकतो आणि तो धावत सुटतो. फळांना आणि भाज्यांना तो ‘खेळाडूंची गोळी’ म्हणतो. रात्री आठ वाजून आठ मिनिटांनी तो झोपतो, मग जगात काही का होईना!

आता या वीराचे वेगळेपण पाहा. त्याला कोणी देव प्रसन्न झालेला नाही. तो परग्रहावरून आलेला नाही. त्याला कोळ्याने डसलेले नाही. त्याच्या अंगात जे आहे ते सरावाने आलेले आहे, आणि पडद्यावर दिसणारी त्याची उडी ही खरोखरच एका माणसाने मारलेली उडी आहे. त्याचे विमानसुद्धा पायांनी पायडल मारून चालते. मूळ आइसलँडिकमध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘खेळांचा आल्फ’ असा आहे. आल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांतील डोंगरकपारीत अदृश्यपणे राहणारी जमात. आपल्या यक्षकिन्नरांची दूरची भावंडे म्हणा. परदेशच्या बाजारात जाताना त्याच्यातला हा यक्ष गळाला आणि नुसता व्यायामपटू उरला. माझ्या मते हा तोटा झाला. वेताळाच्या गोष्टीतून वेताळ काढून घ्यावा आणि विक्रमाला नुसते रोज चार मैल चालायला लावावे, तसे काहीसे हे झाले.

बळाची उपासना आपल्याला नवी नाही. समर्थांनी गावोगाव मारुती स्थापले आणि मारुतीपुढे तालीम आली. परंतु मारुतीला कथा आहे. त्याने सूर्याला फळ समजून झेप घेतली, लंका जाळली, द्रोणागिरी उचलला. आणि त्याला आपल्या बळाची आठवण दुसऱ्याने करून द्यावी लागते, ही तर त्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट. स्पोर्टाकसला अशी कथा नाही. त्याला शंका येत नाही, मोह होत नाही, राग येत नाही. साखर ही त्याची एकमेव उणीव, पण तीही त्याच्या मनात नाही, शरीरात आहे. साखर त्याला आवडते आणि तो ती टाळतो, असे असते तर त्याच्या मनाचा कस लागला असता. इथे साखर त्याला सोसतच नाही. ज्याला लाडू बाधतो त्याने लाडू न खाण्यात कसला आला संयम? ज्याला लाडू पाहून तोंडाला पाणी सुटते आणि तरीही जो दुसऱ्यावर थांबतो, तो खरा वीर. दिवाळीच्या चार दिवसांत प्रत्येक घरात असे दोन-चार अनामिक वीर निपजतात, त्यांच्यावर मालिका कोणी काढत नाही.

मालिकेत एक आणखी गंमत आहे. नायक, नायिका आणि खलनायक ही तिघे हाडामांसाची माणसे आहेत. बाकीची मुले आणि मोठी माणसे बाहुल्या आहेत. म्हणजे ज्या मुलांना ‘उठा, धावा, उड्या मारा’ म्हणून सांगायचे, त्यांना पायच धड नाहीत! बाहुली हात हलवते, मान डोलावते, पण उडी मारणे तिला कुठले जमणार? हा केवळ तांत्रिक नाइलाज असेल. तथापि त्यातून नकळत एक अर्थ निघतो. आळशी मूल हे बाहुली आहे, कोणीतरी दुसरा त्याला हलवतो. आणि जे स्वतः हलते ते माणूस. लेखकाने हा अर्थ योजला असेल वा नसेल, पण भागाच्या शेवटी स्टेफनी गाणे म्हणत नाचू लागते तेव्हा तिच्या शेजारी त्या बाहुल्या डुलताना पाहून तो जाणवल्यावाचून राहत नाही. तेवढ्यात घरातले मूलही सतरंजीवरून उठून नाचू लागते. दूरचित्रवाणीने मुलाला बसवल्याची उदाहरणे अगणित आहेत; उठवल्याचे हे विरळा.

परंतु या मालिकेचा प्राण नायकात नाही. तो आहे रॉबी रॉटनमध्ये. लांब हनुवटीचा, उंच केसांचा, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला हा खलनायक गावाच्या कडेला जमिनीखाली राहतो. त्याची मागणी अगदी माफक आहे. त्याला राज्य नको, संपत्ती नको, जगाचा नाश नको. त्याला दुपारची झोप हवी! मुलांचा गलका थांबावा म्हणून तो नाना सोंगे घेतो, यंत्रे बनवतो, सापळे रचतो, स्वतःच त्यात सापडतो आणि पुन्हा नवे रचतो. एका डुलकीसाठी तो दिवसभर जे राबतो, ते पाहून प्रश्न पडतो की, या गावात आळशी नक्की कोण? कष्ट, कल्पकता, चिकाटी हे सारे गुण मालिकेने ज्याला आळसाचा मुकुटमणी ठरवले त्याच्याच ठिकाणी एकवटले आहेत. माझी नात हे भाग पाहताना स्पोर्टाकस आला की कौतुकाने बघते, पण रॉबी आला की पुढे सरकून बसते. समीक्षकाला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातला नायक आपल्यापैकी किती जणांना आठवतो? आठवते ती चेटकीण. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, आणि २०१८ साली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले यांच्या चेटकिणीला पाहायला मुले आईबापांना ओढून नेऊ लागली. मुलांना दुष्टपणा आवडतो असे नाही. त्यांना आवडते ते दुष्टाचे उघडेपण. सज्जन पात्र काय करणार ते आधीच ठाऊक असते. दुर्जनाला काहीतरी हवे असते, ते मिळवायला तो धडपडतो, आणि ते त्याला मिळत नाही. मुलाचे स्वतःचे आयुष्य याहून निराळे असते काय? झोपायच्या वेळी खेळायचे असते आणि जेवायच्या वेळी गोष्ट हवी असते. रॉबी हे त्या मुलाचेच मोठे झालेले रूप आहे.

हा रॉबी ज्यांनी साकारला ते स्टेफान कार्ल स्टेफान्सन हे आइसलँडचे रंगभूमीवरचे नट. आळशाचे सोंग घेणाऱ्या या माणसाने आपल्या देशात मुलांच्या छळवादाविरुद्ध संस्था काढली होती. २०१६ साली त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याच सुमारास चौथ्या पर्वातले त्यांचे एक गाणे, ज्यात रॉबी आपल्या तीन बावळट साथीदारांना खलनायकी शिकवतो, जगभरच्या तरुणांनी उचलले. एव्हाना ही मुले मोठी झाली होती. त्यांनी त्या गाण्याची हजारो विडंबने केली आणि त्याबरोबर स्टेफान कार्ल यांच्या उपचारांसाठी वर्गणीही जमवली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ज्या पिढीला ‘स्पोर्टाकससारखे व्हा’ असे शिकवले होते, ती पिढी मोठी झाल्यावर रॉबीसाठी रडली. बोधाने जे साधले नाही ते नटाने साधले. माणुसकी हाही आरोग्याचाच एक भाग मानला, तर या मालिकेचे सर्वांत मोठे यश हेच म्हणावे लागेल, आणि ते तिच्या उद्दिष्टांच्या यादीत नव्हते.

अन्नाचा उपदेश करणारे वीर याआधीही झाले. १९२९ साली अमेरिकन चित्रमालिकेत पोपाय नावाचा खलाशी अवतरला आणि पुढे पालकाच्या भाजीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १९३७ साली टेक्सासमधल्या पालक पिकवणाऱ्या क्रिस्टल सिटी या गावाने त्याचा पुतळाच उभारला. पण पोपाय पालक खा म्हणून सांगत नाही. तो खातो आणि मारामारी करतो, एवढेच. २००५ साली ‘सेसमी स्ट्रीट’ या मालिकेतल्या बिस्किटखाऊ राक्षसाला बिस्किटे ही अधूनमधून खायची वस्तू असल्याचे गाण्यातून ऐकावे लागले. आपल्याकडे १९९७ पासून दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा शक्तिमान आला. तो तर भागाच्या अखेरीस मुलांना वागणुकीचे धडे देई, आणि चुकलेली मुले त्याची क्षमा मागत. या रांगेत स्पोर्टाकसला ठेवले की त्याचा एक मोठा गुण उठून दिसतो. तो रागावत नाही. झिगीने गोळ्या खाल्ल्या म्हणून तो त्याला कान धरून उभा करीत नाही. तो गाजर देतो, उडी मारतो आणि निघून जातो. मालिकेतले एक लोकप्रिय गाणे तर चक्क केक करण्याविषयी आहे, कृती पुस्तकाबरहुकूम व्हावी असे बजावणारे! उपदेशकाच्या घरातही कधीमधी भट्टी पेटते, हे पाहून बरे वाटले.

आता माझा खरा आक्षेप. आळसपुरात आईबाप नाहीत. एक महापौर काका आहेत, एक सर्वांच्या भानगडींत नाक खुपसणाऱ्या बाई आहेत, बस्स. या मुलांना कोण जेवू घालते? गोळ्या कोण विकत आणते? पिक्सेलला ती यंत्रे कोणी घेऊन दिली? मालिका याविषयी अवाक्षर काढत नाही. त्यामुळे सारी जबाबदारी त्या चिमुरड्या बाहुल्यांवर येते: गाजर घ्यायचे की गोळी हे तूच ठरव, बाहेर जायचे की आत बसायचे तेही तूच ठरव. खऱ्या घरात सात वर्षांचे मूल यातले काहीएक ठरवत नाही. त्याच्या डब्यात काय जाते हे आई किंवा बाबा ठरवतात. घरासमोर खेळायला मोकळी जागा आहे की मोटारींचा तळ आहे, हे नगरपालिका ठरवते. आणि कुठली गोळी त्याच्या डोळ्यांपुढे नाचवायची हे जाहिरातदार ठरवतो. ज्याच्या हाती काही नाही त्याला दोषी धरणे हे बोधवादाचे जुने पाप आहे. स्थूल मुलाला आधीच शाळेत चिडवणारे असतात. ‘आळस म्हणजे वाईटपणा’ हे समीकरण त्याच्या मनात घट्ट बसले, तर तो मैदानाकडे वळण्याऐवजी आरशाकडे पाठ फिरवील.

इथे साने गुरुजींच्या ‘श्यामच्या आई’तला पोहण्याचा प्रसंग आठवतो. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारीत विहिरीकडे पिटाळते. आजच्या दृष्टीला तो मार खुपेल, आणि खुपावाही. परंतु त्या प्रसंगात एक गोष्ट आहे, जी आळसपुरात नाही: मुलाच्या शरीराशी दुसऱ्या माणसाचे नाते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, याची आईला लागलेली तळमळ. श्याम पोहायला शिकतो तो आरोग्यासाठी नव्हे. आई आणि पाणी यांच्यामध्ये त्याला उभे राहवत नाही म्हणून. मूल एकटे कधीच हालत नाही. ते कोणाच्या तरी हाताला धरून पहिले पाऊल टाकते, कोणाच्या तरी मागे धावते, कोणाला तरी चुकवून पळते. शेविंग यांनी आकाशातून वीर उतरवला, पण त्याच्याआधी उंबऱ्यावर कोणीतरी उभे असायला हवे होते.

एवढे म्हणूनही या मालिकेला मी कमी लेखणार नाही. पडद्यावर येऊन ‘पडदा बंद करा’ असे सांगण्यात विसंगती आहे खरी. पण बैठकीत बसून वैराग्याचे अभंग ऐकण्यातही ती असतेच, आणि म्हणून काही आपण अभंग ऐकणे सोडत नाही. एका खेळाडूने आपल्या अंधाऱ्या, थंड देशातल्या मुलांसाठी काहीतरी करावे म्हणून स्वतःचे शरीर पणाला लावले. भाषण देऊन तो थांबला नाही. त्याच्या वीरात रस कमी असेल, पण खोटेपणा नाही. आणि त्याने आपल्या हातांनी असा खलनायक घडवला, की जो त्याच्यापेक्षा मोठा झाला. तो मोठा होऊ देण्याइतके मनही त्याने दाखवले. स्वतः नायक असलेल्या निर्मात्याला हे किती जड जात असेल, हे नाटकमंडळ्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना सांगायला नको.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुलांना ही मालिका दाखवायची असेल तर खुशाल दाखवा. मात्र त्यांच्या शेजारी बसा, आणि शेवटचे गाणे लागले की त्यांच्याबरोबर उठा. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू द्या. चकली-करंजीला शत्रू ठरवायचे कारण नाही. आपल्याकडे फराळ हा वर्षातून एकदा येणारा पाहुणा होता, तो बाराही महिने मुक्कामाला राहिला हा दोष त्याचा नव्हे, आपला. मुलांना किल्ला करायला माती आणून द्या आणि त्या मातीत स्वतःही हात घाला. आळसपुराला वीराची जेवढी गरज होती, त्याहून अधिक गरज होती ती मुलांबरोबर अंगणात उतरणाऱ्या मोठ्या माणसांची. ती आपल्या घरी आहेत. सध्या ती फराळाच्या ताटाशी बसून हा अंक वाचीत आहेत, एवढेच.